लडाखचे डोंगर वाचायचे कसे? सुरुवात सिंधूच्या दोन तीरांपासून

लडाखहून परतलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये पँगाँगचे, खारदुंग लाच्या पाटीचे आणि हुंदरच्या उंटांचे फोटो असतात. मधल्या शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावर खिडकीतून जे डोंगर दिसले, त्यांच्याबद्दल मात्र ‘काय एकेक रंग होते!’ यापलीकडे फारसं काही सांगता येत नाही. हा लेख त्या मधल्या रस्त्यासाठी आहे. शाळेतल्या भूगोलापेक्षा जास्त काही आठवत नसेल तरी चालेल.

भूशास्त्राची ओळख करून घ्यायला देशात लडाखइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असं माझं ठाम मत आहे. कारण साधं आहे, इथे खडक उघडे आहेत. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर पडतं; महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक. आपल्याकडे खडक नीट बघायचा तर घाटात कापलेली दरड किंवा नदीचं पात्र गाठावं लागतं, बाकी सगळं माती, गवत आणि कारवीखाली. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिकामे होतात, त्यामुळे पलीकडे लडाखमध्ये पर्जन्यछायेतलं थंड वाळवंट तयार झालंय. डोंगरावर ना झाडोरा, ना मातीचं पांघरूण. पाच-सहा किलोमीटर अंतरावरूनसुद्धा थर मोजता येतात.

मात्र ‘आज किती पॉइंट झाले’ या हिशेबाने फिरलात तर हे काहीच दिसणार नाही. त्याऐवजी गाडी थांबेल तिथे स्वतःला एकच प्रश्न विचारा: सिंधू कुठे आहे आणि मी तिच्या कोणत्या बाजूला आहे? लडाखच्या निम्म्या कोड्यांची उत्तरं या प्रश्नात आहेत.

आधी गोष्ट

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट लाव्ह्याचे थर, एकावर एक साचत होते. तेव्हा भारत आशियाला जोडलेला नव्हता. आपला भूखंड एकटाच वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत होता आणि मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. या समुद्राचा तळ आशियाच्या कडेखाली घुसत चालला होता. खोल गेलेल्या तळातून पाणी सुटायचं आणि त्या पाण्यामुळे वरचा तप्त खडक वितळायचा. तो शिलारस वर चढायचा. त्यातला काही ज्वालामुखींतून बाहेर पडला, पण बराचसा जमिनीखाली काही किलोमीटरवरच अडकून सावकाश थिजला. तो थिजलेला खडक म्हणजे लेहच्या उत्तरेला उभी असलेली ग्रॅनाइटची अख्खी रांग, लडाख रांग. हे काम १० कोटी ते ५ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान चालू होतं. म्हणजे तिकडे जमिनीवर महाबळेश्वरचा कातळ साचत असताना इकडे लेहचा पाया जमिनीखाली शिजत होता.

साधारण ५ ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वी टेथिसचा तळ संपला आणि भारताची कड आशियाच्या कडेला भिडली. मधला गाळ चुरगळला, मुडपला, उभा झाला. समुद्रतळाचे काही तुकडे खाली न जाता वरच अडकले. टक्कर अजून संपलेली नाही. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे रेटतोय.

दोन भूखंडांचा हा सांधा लडाखमध्ये बऱ्याच अंतरापर्यंत सिंधूच्या काठाने जातो. म्हणून तो प्रश्न महत्त्वाचा. नदीच्या उत्तरेला आशियाच्या कडेचा ग्रॅनाइट आहे. नदीलगत दक्षिणेला सांध्यातला रंगीबेरंगी गाळ आणि समुद्रतळाचे तुकडे. आणखी दक्षिणेला, झंस्करमध्ये, भारताच्या कडेवर समुद्रात साचलेले चुनखडकाचे आणि चिखलाचे थर.

देवघरात शाळिग्राम असेल तर टेथिसचा एक अंश तुमच्या घरात आधीपासून आहे. नेपाळमधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून येणारे शाळिग्राम म्हणजे याच समुद्रातल्या अमोनाइट नावाच्या शंखधारी प्राण्यांचे जीवाश्म. त्यावरचं चक्र हे त्या शंखाचं वेटोळं. हिमाचलातल्या स्पितीच्या काळ्या खडकांतही असेच अमोनाइट सापडतात.

सह्याद्रीची सवय बाजूला ठेवा

ट्रेकिंग करणाऱ्या मराठी माणसाच्या डोळ्यांना आडव्या थरांची सवय असते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवा: लाव्ह्याचे थर एकावर एक, जवळजवळ सपाट. जितकं वर चढाल तितका खडक नवा. हा नियम लडाखमध्ये चालत नाही. इथे थर कललेले, उभे, कुठे तर चक्क उलटेही आहेत. एखाद्या ठिकाणी जुना खडक नव्या खडकावर चढून बसलेला असतो. त्यामुळे उंचीवरून वय ठरवू नका. आधी थर कोणत्या दिशेला झुकलेत ते बघा.

दुसरी सवय रंगाची. आपल्याकडे काळा म्हणजे कातळ, तांबडा म्हणजे जांभा, एवढ्यावर काम भागतं. लडाखमध्ये रंग फसवतो. ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर हजारो वर्षांत लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडचं तपकिरी-काळं, चकचकीत पुट चढतं. लांबून बघणाऱ्याला तो धोंडा बेसाल्टचा वाटेल. ओळख नेहमी ताज्या तुटलेल्या बाजूवरून करायची. त्यासाठी हातोडा नको. रस्ता रुंद करताना फोडलेल्या दगडांचे ढीग जागोजागी पडलेले असतात.

निघण्यापूर्वी: नकाशासोबत एक संध्याकाळ

घरीच गूगल मॅप्स उघडा, उपग्रह चित्र लावा आणि उपशीपासून खाल्त्सेपर्यंत सिंधूचा माग काढा. नदी आग्नेयेकडून वायव्येकडे जाते. उत्तरेची बाजू एकसारखी करडी दिसते. दक्षिणेला मात्र तांबूस, हिरवट, जांभळट पट्टे नदीला समांतर धावताना दिसतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की प्रत्यक्ष रस्त्यावर हरवल्यासारखं होत नाही. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण लेह सोडलं की नेटवर्क धड मिळेलच असं नाही. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं.

सामान थोडंच आहे. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, एक दुर्बीण, वही, पेन्सिल आणि मोबाइलमध्ये होकायंत्राचं ॲप. दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळणारं भिंग या सगळ्यात सर्वांत उपयोगी. त्यातून एकदा ग्रॅनाइट पाहिला की ‘दगड’ हा शब्द पुरेनासा होतो.

नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी या सीमेलगतच्या भागांसाठी परवाने आणि शुल्क लागू शकतं. नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. हंगाम जून ते सप्टेंबर. त्याआधी खिंडींवर बर्फ असतं आणि खडक झाकलेले राहतात.

लेहचे पहिले दोन दिवस: बसून बघायचे

लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने थेट उतरलात तर पहिले ४८ तास धावपळ करू नका, हे डॉक्टर सांगतात आणि ते पाळायलाच हवं. डोकं सतत दुखणं, मळमळ, बसल्या जागी धाप लागणं, चालताना झोक जाणं ही लक्षणं दिसली तर अंगावर काढू नका. डॉक्टर गाठा आणि खाली उतरायची तयारी ठेवा.

विश्रांतीचे हे दिवस अभ्यासाला उत्तम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीने शांती स्तूपावर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून अर्धा तास बसा.

पायाखाली ग्रॅनाइट आहे. लेहचा राजवाडासुद्धा ग्रॅनाइटच्याच धारेवर उभा आहे. समोर सिंधूची रुंद दरी आणि पलीकडे स्तोक रांग. तिचं सर्वोच्च शिखर स्तोक कांग्री ६१५३ मीटर. आता दोन्ही बाजूंची तुलना करा. तुमच्या मागची लडाख रांग करडी, ढोबळ, थर नसलेली; खडक मोठाल्या ठोकळ्यांत फुटलाय. समोरच्या रांगेत रेघा दिसतील, समांतर, तिरप्या, लालसर-जांभळट. तिथे थर आहेत, कारण तो खडक पाण्याने वाहून आणलेल्या गाळाचा आहे. एका दरीचे दोन काठ इतके वेगळे का, हा प्रश्न इथे पडला की अर्धं काम झालं.

आणखी एक गोष्ट इथूनच दिसते. समोरच्या डोंगरांतल्या प्रत्येक घळीच्या तोंडाशी दगडगोट्यांचं पसरट, उतरतं मैदान आहे. वर निमुळतं, खाली रुंद. याला गाळाचा पंखा म्हणतात. अरुंद घळीतून सुसाट आलेला लोंढा सपाटीवर येताच मंदावतो आणि बरोबर आणलेले दगडगोटे तिथेच टाकून देतो. दक्षिणेकडचे पंखे इतके मोठे आहेत की त्यांनी सिंधूला उत्तरेकडे, ग्रॅनाइटच्या पायथ्याशी रेटलंय. लेह शहरही अशाच एका पंख्यावर वसलंय, कारण डोंगराचं पाणी पंख्यावरूनच खाली उतरतं आणि त्यावरच जवाची शेती होते.

या पंख्यांची दुसरी बाजू ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री दिसली. ढगफुटीनंतर घळींमधून चिखल आणि धोंड्यांचे लोंढे लेह आणि चोगलमसरवर आले. दोनशेहून अधिक माणसं गेली. पंखा दिसायला हजारो वर्षांचा निवांत उतार वाटतो, पण तो अशाच रात्रींनी घडलेला असतो. मुक्कामाची जागा निवडताना ती कोरड्या नाल्याच्या तोंडाशी नाही ना, एवढं नक्की बघा. ‘पाणी तर थेंबभर नाही’ हा तिथे दिलासा होऊ शकत नाही.

खाली उतरताना पायऱ्यांजवळच्या एखाद्या फुटक्या धोंड्याला भिंग लावा. पांढरे, जरा लांबट दाणे फेल्डस्पारचे. त्यांच्यामधले करडे, काचेसारखे दाणे गारगोटीचे. काळ्या काड्या हॉर्नब्लेंडच्या आणि चमकणाऱ्या काळ्या चकत्या अभ्रकाच्या. दाणे इतके मोठे आहेत की नुसत्या डोळ्यांनी वेगळे करता येतात, कारण खोलवर सावकाश थंड होताना त्यांना वाढायला वेळ मिळाला. सह्याद्रीच्या बेसाल्टचे बहुतेक दाणे डोळ्यांना दिसत नाहीत. तो उघड्यावर लवकर गोठला. काही धोंड्यांत मुठीएवढे, कडा गोलसर झालेले काळपट डाग सापडतील. जास्त तप्त, गडद शिलारसाचे गोळे या फिकट शिलारसात शिरले आणि पूर्ण मिसळण्याआधीच थिजले, त्यांच्या त्या खुणा. हा दगड नीट लक्षात ठेवा. फोटोही घ्या, बाजूला नाणं किंवा पेन ठेवून, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. पुढे त्याची गरज पडणार आहे.

चालवत असेल तर लेहमधल्या मोरेव्हियन मिशनच्या दफनभूमीतही जाऊन या. हिमालयातले जीवाश्म आणि थर अभ्यासणारे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्डिनांड स्टोलिच्का १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना वाटेत गेले. त्यांचं स्मारक तिथे आहे.

तिसरा दिवस: हेमिस आणि उपशीच्या पुढचा रस्ता

नव्या माणसाला एकच दिवस काढता येत असेल तर मी त्याला पँगाँगऐवजी इकडे पाठवेन. बहुतेक जण हेमिसला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, बघून तासाभरात परततात आणि उपशीच्या पुढे फक्त मनालीचे प्रवासी जातात. लडाखची मुख्य गोष्ट याच रस्त्यावर आहे.

हेमिसला जाताना सिंधू ओलांडावी लागते. पूल पार केला की तुम्ही दक्षिणेच्या बाजूला आलात, हे वहीत लिहा. गोम्पाच्या आसपासच्या कड्यांकडे बघा: थर जवळपास उभे आहेत. जवळ जाऊन बघितलं तर खडक म्हणजे दगडाची शेंगदाणा चिक्की वाटते. गोल गुळगुळीत गोटे आणि त्यांना धरून ठेवणारी कडक झालेली वाळू. हा पिंडाश्म. गोटे गोल आहेत म्हणजे ते वाहत्या पाण्यात घासून आलेत. इथे कधीकाळी जोरदार नदी होती आणि तिचं पात्र आज भिंतीसारखं उभं झालंय.

आता त्या गोट्यांमध्ये लेहचा ग्रॅनाइट शोधा. पांढरे दाणे, काळ्या काड्या, मोबाइलमधला फोटो. सापडतो! उत्तरेच्या काठाचा दगड दक्षिणेच्या काठावरच्या खडकात घट्ट बसलेला असतो. याचा अर्थ लावायला पुस्तक लागत नाही. काही किलोमीटर खोल थिजलेला ग्रॅनाइट आधी वर उचलला गेला, त्याच्यावरचं सगळं आवरण झिजून गेलं, मग तो स्वतः झिजू लागला, त्याचे गोटे नदीने मधल्या खोलगट भागात आणून टाकले, त्यांचा खडक झाला, आणि एवढं सगळं झाल्यावर दोन्ही बाजूंच्या रेट्याने तो खडकही उभा झाला. ज्या क्रमाने हे घडलं त्याच क्रमाने तुम्ही ते पाहिलंत, म्हणून लेह आधी आणि हेमिस नंतर.

तिथून उपशीला या आणि सिंधू सोडून मनाली रस्त्याने मिरू, ग्या, रुमत्सेपर्यंत जा. हा टप्पा सकाळच्या किंवा उतरत्या उन्हात करा; दुपारी बाराच्या उन्हात सगळे रंग मावळतात. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना तांबडे, जांभळे, हिरवे थर पाती उभी केल्यासारखे डोक्यावर येतात. कठीण वालुकाश्म पुढे सुटलेत, मधला मऊ पंकाश्म, म्हणजे चिखलाचा झालेला खडक, झिजून आत गेलाय, म्हणून धारदार कडा तयार झाल्यात. रंगांचं गणित लोहाचं आहे. गाळ साचताना हवा मिळाली, लोह गंजलं, थर तांबडा किंवा जांभळा झाला. पाण्याखाली, हवा न लागता राहिला तिथे हिरवट. एकाआड एक रंग दिसतात म्हणजे तिथे कधी उघडं पूरमैदान, कधी पाण्याखालची जागा अशी अदलाबदल होत होती.

या गाळाच्या खालच्या, जुन्या थरांत समुद्री चुनखडक आहे आणि त्यात नुम्युलाइट नावाच्या चपट्या एकपेशीय जीवांची कवचं आहेत, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीची. वरच्या थरांत समुद्राची खूण उरत नाही, फक्त नद्या. टेथिस कधी संपला हे भूशास्त्रज्ञ याच बदलावरून ठरवतात.

ड्रायव्हरदादांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आज गाडी खूपदा थांबवायची आहे. लडाखी लोक मोठ्या भावाला ‘आचो’ म्हणतात. ‘आचो-ले, इथे थोडं थांबूया’ म्हटलं की काम सोपं होतं. बहुतेकांना दगडांची तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहिती असते, कारण कुठली दरड कधी सुटते हे त्यांना जगण्यासाठी ठाऊक असावं लागतं.

पश्चिमेकडे: निम्मू ते लामायुरू

निम्मूला, लेहपासून साधारण ३५ किलोमीटरवर, झंस्कर नदी सिंधूला मिळते. उन्हाळ्यात झंस्कर बहुधा गढूळ, मातकट असते आणि सिंधू हिरवट. दोन पाण्यांचे रंग म्हणजे दोन वेगळ्या खोऱ्यांचा खडक आणि वितळणारं बर्फ. ऋतू बदलला की रंगही बदलतात. जवळचा मॅग्नेटिक हिल हा निव्वळ दृष्टिभ्रम आहे. आजूबाजूच्या उतारांमुळे उतरता रस्ता चढता भासतो. खडकात चुंबकशक्ती वगैरे काही नाही, तेव्हा तो वेळ संगमावर द्या.

अलची आणि खाल्त्सेच्या परिसरात नदीकाठच्या काळ्या पुटाच्या धोंड्यांवर कोरलेली चित्रं दिसतात: आयबेक्स (रानबोकड), शिकारी, स्तूप. काळं पुट टोचून काढलं की आतला फिकट ग्रॅनाइट उघडा पडतो, एवढ्यावर ती कला उभी आहे. जुन्या चित्रांवर पुन्हा पुट चढू लागलेलं असतं, त्यामुळे ती नव्यांपेक्षा गडद दिसतात. रस्ते आणि बांधकामांसाठी असे कितीतरी धोंडे फुटले आहेत. त्यांच्यावर पाय ठेवून फोटो काढू नका, खडूने रेघाही भरू नका.

खाल्त्सेनंतर रस्ता सिंधू सोडून दक्षिणेकडे चढतो आणि सांधा ओलांडतो. इथे खडक इतका चुरगळलेला आहे की एकसलग थर शोधणं कठीण. काळे पंकाश्म, हिरवट ज्वालामुखी खडक, मध्येच चुनखडकाचा मोठा तुकडा, सगळं कालवलेलं. गोंधळलात तर काळजी करू नका. सांध्याचं रूपच असं असतं.

लामायुरूची ‘मूनलँड’ मात्र या सगळ्यापेक्षा कितीतरी तरुण आहे, आणि माहितीफलक वाचून बहुतेकांचा इथेच घोळ होतो. ती पिवळसर, घडीदार मऊ टेकाडं समुद्राची नाहीत. हिमयुगाच्या काळात कोसळलेल्या दरडीने इथला ओढा अडला, तळं झालं आणि त्यात बारीक गाळ साचत गेला. पुढे बांध फुटला, तळं रिकामं झालं आणि उघड्या पडलेल्या गाळाला पाण्याने पन्हळी पाडल्या. इथे तळं होतं आणि एका सिद्ध पुरुषाने ते आटवलं, अशी स्थानिक आख्यायिकाही आहे. जवळून बघा: पिवळे थर आडवे आहेत आणि त्यांच्यामागचे काळे खडक मुडपलेले. टकरीच्या वेळी जे होतं ते मुडपलं, नंतर जे आलं ते आडवं राहिलं. नवं-जुनं ओळखण्याची ही सर्वांत भरवशाची खूण आहे आणि ती कुठल्याही डोंगरात चालते. या टेकाडांवर चढू मात्र नका. एका पावलाने वर्षानुवर्षांची पन्हळ ढासळते.

उत्तरेकडे: खारदुंग ला, हुंदर, पनामिक

लेहपासून खारदुंग लापर्यंत चाळीसेक किलोमीटर तुम्ही एकाच ग्रॅनाइटच्या रांगेवर चढत असता. खिंडीची खरी उंची ५३५९ मीटर आहे. जुन्या पाट्यांवर ती जास्त लिहिलेली असते. दऱ्यांचा आकार बघा. तळ रुंद, बाजू उभ्या, म्हणजे इथून कधी हिमनदी गेलीय. रस्त्यालगतचे टोकदार तुकड्यांचे उतार, आपला घसारा, हे बर्फाचं काम. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दुपारी वितळतं आणि हळूहळू खडक फोडतं. म्हणूनच ऊन चढल्यावर घसाऱ्याखाली गाडी थांबवू नये. खिंडीत वीस मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळूही नका.

पलीकडे उतरताना खारदुंग गावाच्या आसपास जांभळट, हिरवट, बारीक दाण्यांचे खडक दिसू लागतात. हे त्याच कहाणीतले ज्वालामुखी, आणि त्यांचं वय आपल्या दख्खनच्या लाव्ह्याच्या जवळपासचं. फरक स्वभावाचा आहे. सह्याद्रीचा लाव्हा पातळ होता, लांबवर पसरला. इथला सिलिका जास्त असलेला, चिकट. तो स्फोट होऊन राखेसकट बाहेर पडला.

हुंदरचे वाळूचे ढिगारे तीन हजार मीटरहून जास्त उंचीवर आहेत आणि त्यांचं समुद्राशी काही नातं नाही. हिमनद्यांतून निघणाऱ्या श्योक आणि नुब्रा या नद्या भरपूर दळलेला गाळ आणतात. पाणी ओसरलं की रुंद पात्र उघडं पडतं आणि दुपारनंतर दरीतून सुटणारा वारा वाळू उचलतो. मूठभर वाळू तळहातावर घेऊन भिंगाखाली धरा: गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रकाच्या चकत्या. लेहच्या धोंड्यातली ओळखीची मंडळी, आता सुटी झालेली. ढिगाऱ्याची एक बाजू सौम्य आणि दुसरी तीव्र असते. सौम्य बाजूकडून वारा आला. वाळूच्या कडेला काटेरी सीबकथॉर्नची झुडपं वाळू धरून ठेवतात, ती तुडवू नका.

पनामिकला गरम पाण्याचे झरे आहेत. नुब्राच्या दरीतून काराकोरम भ्रंश जातो. या मोठ्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात आणि खोल गेलेलं पाणी तापून भेगेवाटे वर येतं. दरी इतकी सरळ का आहे, आणि डोंगरांच्या सोंडा पायथ्याशी त्रिकोणी कापल्यासारख्या का संपतात, याचं उत्तरही हाच भ्रंश.

पँगाँग

पाण्यावर नजर खिळते, म्हणून आधी वाटेतलं सांगतो. तांगत्सेजवळच्या घळीत गडद खडकातून पांढरे पट्टे नागमोडी गेलेले दिसतात. अति उष्णतेने खडक अर्धवट वितळला आणि वितळलेला भाग पांढरा पट्टा होऊन थिजला. तिथे गाडी थांबवाच.

तलाव सुमारे ४२५० मीटर उंचीवर, काराकोरम भ्रंशाच्या पट्ट्यात आहे. कधीकाळी त्याचं पाणी तांगत्सेकडून श्योकला जायचं. गाळ-दगडांच्या राशींनी ती वाट बंद झाली. आता पाणी फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात, म्हणून ते मचूळ आहे. काठाच्या वर उतारांवर आडव्या रेघा दिसल्या तर त्या जुन्या, उंच पातळीच्या किनाऱ्यांच्या.

रोज रात्री करायचं एक काम

वहीत एक आडवी रेघ ओढा, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. मध्ये सिंधू. त्या दिवशी पाहिलेलं प्रत्येक ठिकाण या रेघेवर बसवा: नुब्राचा भ्रंश, खारदुंगचे ज्वालामुखी, लेहचा ग्रॅनाइट, नदी, हेमिसचा पिंडाश्म, खाल्त्सेच्या पुढचा चुरगळलेला पट्टा, झंस्करचे समुद्री थर. थर कुठे झुकलेत ते छोट्या तिरप्या रेघांनी दाखवा. चित्र सुबक यायला हवं असं नाही. सहलीअखेर तुमच्या हातात लडाखचा आडवा छेद असेल, स्वतःच्या डोळ्यांनी तपासलेला.

दगड बॅगेत भरून आणू नका. जीवाश्म तर अजिबात नाही, आणि बाजारात कुणी विकत असेल तरी घेऊ नका. थरातून काढलेल्या जीवाश्माची अर्धी माहिती त्या थरातच राहते. ओढे ओलांडायचे असतील तर सकाळी ओलांडा, दुपारनंतर बर्फ वितळून पाणी वाढतं.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा

त्सो मोरिरी पहिल्या सहलीत कोंबू नका. तिथला खडक समजायला वरचं सगळं आधी पाहिलेलं असावं लागतं. तलावाच्या परिसरातल्या नीस नावाच्या फिकट, पट्टेदार, उष्णता आणि दाबाने बदललेल्या खडकात काळपट-हिरव्या, जड दगडाचे डोळे अडकलेले आहेत. त्यात तांबूस गार्नेटचे दाणे असतात. हा एक्लोजाइट. २००१ मध्ये देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इथल्या खडकात कोएसाइट सापडल्याचं जाहीर केलं. कोएसाइट म्हणजे गारगोटीचं असं रूप, जे साधारण ९० किलोमीटर किंवा त्याहून खोलवरच्या दाबाखालीच तयार होतं. टकरीच्या वेळी भारताची कड आशियाखाली एवढी खोल गेली आणि पुन्हा वर आली. चुमाथांगच्या रस्त्याने, सिंधूच्या काठाकाठाने जा, आणि साडेचार हजार मीटरवरच्या कोरझोकला किमान दोन मुक्काम ठेवा. पहिला श्वास जुळायला, दुसरा दगड बघायला.